सातबारा त्याचा, वावर माझं

प्रश्न : माझं वय ६४. यवतमाळ जिल्ह्यातलं छोटं गाव, शेती कापूस-सोयाबीन-तुरीची. माझा मित्र आणि मी पहिलीपासून सोबत. १९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी दोन वावरं अदलाबदल केली. माझं अडीच एकर त्याच्या वावराला लागून होतं, त्याचं दोन एकर माझ्या वावराला लागून. माझा अर्धा एकर जास्त गेला, पण त्याच्या विहिरीवरून पाणी मिळालं. कागद केला नाही, त्यावर कधी बोलायचं कामही पडलं नाही. सातबारे जुन्याच नावांवर आहेत. विमा, अनुदान जे येईल ते ज्याच्या नावावर पडेल तो दुसऱ्याच्या घरी न मागता नेऊन द्यायचा. मागच्या खरिपात माझं सोयाबीन पाण्यात गेलं. अनुदानाच्या यादीत त्याच्या नावासमोर त्या वावराचा गट नंबर मी डोळ्यांनी पाहिला, पैसेही पडले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, त्याने विषय काढला नाही. रोज भेटतो, चहा होतो. मला सहा-सात हजाराचं काही नाही. मुलगा म्हणतो मोजणी आणा, घरची म्हणते तोंडाने विचारा. विचारलं तर तीस वर्षांचं एका मिनिटात जाईल असं वाटतं. काय करू?

उत्तर : भाऊ, मित्राला काही विचारायच्या आधी बँकेत जा आणि स्वतःचं पासबुक भरून आणा. मग तलाठ्याकडची यादी पुन्हा बघा, पण या वेळी स्वतःचं नाव शोधा. अडीच एकराचा जो गट कागदावर अजून तुमचा आहे आणि ज्यात पीक तुमच्या मित्राचं उभं होतं, तोही त्या यादीत असायची बरीच शक्यता आहे. शिवार एकच, पाऊसही एकच. कोरडवाहू पिकाला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये. दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर, त्याचे ६,८८५ होतात. अडीच एकर म्हणजे १.०१ हेक्टर, त्याचे ८,५८५. दोन्ही गट यादीत असतील तर तुमच्याकडूनच त्यांचं १,७०० रुपये जास्तीचं येणं निघतं, आणि संक्रांतीपर्यंत विषय तुम्हीही काढलेला नाही.

तुम्ही लपवलं असं आमचं म्हणणं नाही. तुमच्या बाकीच्या वावराचे पैसे आणि या गटाचे पैसे खात्यात एकाच रकमेने पडले असतील, तर कोणत्या गटाचे किती हे पासबुकात दिसत नाही. तिकडेही नेमकं हेच झालेलं असू शकतं. शिवाय पैसा ज्या खात्याला आधार शेवटी जोडला गेला त्या खात्यात जातो. ते खातं नेहमीच्या सोसायटीचं नसतं, कधी गॅससाठी, कधी रोजगार हमीसाठी उघडलेलं दुसऱ्याच बँकेतलं निघतं. मेसेज जातो तो खात्याला जोडलेल्या मोबाईलवर, आणि चौसष्ट वर्षांच्या कास्तकाराच्या खात्याला बहुतेक वेळा मुलाचा नंबर जोडलेला असतो. मुलाने एक आकडा पाहिला, बापाला सांगितला किंवा नाही सांगितला. त्यात सोयाबीनवाल्या काकाचा वाटा आहे हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

तुमचा व्यवहार तीस वर्षं बिनबोभाट चालला, कारण आलेला पैसा दोघांच्या डोळ्यांसमोर यायचा. चेक यायचा, बँकेत जावं लागायचं, रांगेत उभं राहून हातात नोटा मिळायच्या आणि घरी येताना मित्राचं घर वाटेत लागायचं. आता पैसा कोणाच्याच हाताला न लागता येतो. म्हणून मित्राच्या गप्प राहण्याचा एवढ्यात काही अर्थ लावू नका.

आता विषय कसा काढायचा. तुमचा गट यादीत निघाला तर काम सोपं आहे. ८,५८५ रुपये रोख काढा आणि वावरात जाऊन त्यांच्या हातात द्या. ‘तुह्या वावराचे पैसे माह्या खात्यात पडले होते, मले पासबुकात आता दिसले. हे घे.’ एवढंच. ६,८८५ कापून १,७०० नेऊन देऊ नका. कापलेला हिशेब हातात पडला की पुढचा माणूस मनातल्या मनात १९९४ पासूनचा हिशेब काढायला बसतो. पूर्ण द्या आणि त्यांच्याकडचे किती हे बोलूच नका. ते घरी जाऊन मुलाला विचारतील.

तुमचा गट यादीत नसेल तर थोडं अवघड आहे. तेव्हा ‘पैसे आले का रे तुला’ असं विचारू नका, त्यात संशय आधी ऐकू येतो. ‘यादीत आपला दोन एकराचा गट दिसला. पोराच्या मोबाईलवर काही आलं का, बघायला सांग बरं,’ असं म्हणा. गट ‘आपला’ म्हणा, आणि चौकशीचा रोख मोबाईलवर ठेवा.

जागा धुऱ्याची (वावराच्या बांधाची) धरा, वेळ सकाळची. पारावर नको, चहाच्या टपरीवर नको, फोनवर तर मुळीच नको. मधे माणूस घालू नका. तुमच्या मुलाने त्यांच्या मुलाला सांगणं हा सर्वांत वाईट मार्ग आहे. दोघा पोरांमध्ये तुमची पहिलीपासूनची ओळख नाही, त्यांच्यात फक्त गट नंबर आहेत. मोजणीचं तर नावही आत्ता काढू नका. गावात मोजणीची नोटीस आली की भांडण झालं असं धरूनच लोक चालतात, आणि ती नोटीस तुमच्या आधी त्यांच्या हातात पडेल. मधला एकच रस्ता चालण्यासारखा आहे, तो म्हणजे तुमच्या घरच्या आणि त्यांच्या घरच्या. तीस वर्षं कोणत्या साली कोणाचं काय अडलं आणि कोणी काय दिलं हे त्या दोघींना तुमच्यापेक्षा चांगलं आठवत असणार. तुमच्या घरच्या ‘तोंडाने विचारा’ म्हणतात, तो सल्ला बरोबर आहे.

पैशाचं एका आठवड्यात मिटेल. आमच्या मते तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे, आणि पत्रात तो तुम्ही विचारलेला नाही. कोणतं वावर कोणाचं हे आज फक्त चार माणसांना पक्कं माहीत आहे आणि ते चौघंही साठीच्या आसपास आहेत. तुमच्यातलं कोणी एक गेलं की वारस फेरफार होईल, जुन्या सातबाऱ्यावर मुलं-मुली आणि पत्नी यांची नावं चढतील, आणि ज्या वावरात तुम्ही तीस वर्षं पेरलं ते कागदावर पाच-सहा माणसांचं होईल. त्यांच्यातल्या एखाद्याला पैशाची नड पडली तर तो आपला हिस्सा विकायला मोकळा. तोंडी अदलाबदलीने जमिनीची मालकी बदलत नाही, त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. ‘बारा वर्षं वहिवाट झाली की वावर आपलं’ ही गावातली समजूतही तुमच्या कामाची नाही. मालकाच्या संमतीने मिळालेला ताबा नुसत्या वर्षांनी मालकी होत नाही. कोर्टात तसा दावा करायचा म्हणजे ‘मी मित्राच्या विरोधात ताबा धरून बसलो होतो’ असं शपथेवर सांगावं लागेल. ते तुमच्याने सांगवणार नाही, आणि ते खरंही नाही.

तुमच्यासारख्याच प्रकरणांसाठी महसूल विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. एकाच्या नावाची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, आणि हे किमान १२ वर्षं चालू असेल तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. दोन्ही क्षेत्रं सारखी नसली तरी चालतं, म्हणजे तुमचा अर्ध्या एकराचा फरक आड येत नाही. योजना ठरावीक मुदतीची आहे आणि ती वाढवली गेली आहे. आज चालू आहे ना, हे दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी) कार्यालयात विचारूनच पुढचं करा. योजनेबाहेर हाच दस्त करायचा तर जास्त किमतीच्या जमिनीवर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क बसतं आणि आकडा हजारांवर थांबत नाही.

हे काम मित्रासमोर मांडताना मुलांचं नाव पुढे करा, मुलांना मात्र पुढे करू नका. पहिलं बोलणं दोघांतच. ‘कोणतं वावर कोनाचं हे आपल्या दोघाले माहीत हाय. पोट्ट्यायले माहीत नाही. आपण हाओत तवरक कागद करून टाकू.’ ते बहुधा ‘पाहू’ म्हणतील. ‘पाहू’ला नकार समजू नका आणि होकारही समजू नका. घरी जाऊन बोलायला त्यांना वेळ हवा आहे. पंधरा दिवस विषय काढू नका, पण भेटणं, चहा, सोबत बाजाराला जाणं तसंच चालू ठेवा. तुम्ही अंग चोरलं तर कागदाचा विषय रागाने काढला होता असं त्यांना वाटेल. दुसऱ्या वेळी दोन्ही घरची माणसं एकत्र बसवा, मुलं आणि सुना सगळ्यांसकट, आणि दोघांनी मिळून सगळ्यांना दोन्ही वावरं फिरून दाखवा. धुरा कुठून कुठे, कोणतं बोरीचं झाड हद्दीवर, पाइप कुठून गेला. हे फिरणं टाळू नका. कागदावरच्या चतुःसीमा वाचून शेताची हद्द कोणाला कळत नाही.

मग कागदाकडे. दोन्ही गटांचे डिजिटल सहीचे सातबारे काढा, महाभूमीच्या संकेतस्थळावर एकाचे १५ रुपये. त्यात तीन जागी नजर घाला. पहिली जागा भोगवटादार वर्गाची. वर्ग १ असेल तर मोकळं, वर्ग २ (सरकारी अटी असलेली जमीन) असेल तर आधी परवानगीचा प्रश्न येतो, तेव्हा तिथेच थांबून तहसीलमध्ये विचारा. दुसरी जागा इतर हक्काचा रकाना. तिथे सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असणारच, कारण पीककर्ज तुम्ही दोघंही आपापल्या सातबाऱ्यावर उचलत असाल. बोजा असलेल्या गटाची अदलाबदल बँकेला न सांगता करू नका. कर्ज भरून नव्याने उचलायच्या मधल्या काळात ना-हरकत घ्या. बहुतेक गावांत तो काळ मार्चअखेर ते मे असतो.

तिसरी जागा नावांची, आणि गाडी अडते ती इथेच. जमीन वडिलोपार्जित असेल तर सातबाऱ्यावर बहिणींचीही नावं असू शकतात. सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची दस्तावर सही लागते. बऱ्याच घरांत याच वेळी ‘आता येतेच आहे सहीला तर’ म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रही करून घेतलं जातं. ते करू नका. अदलाबदलीसाठी तिला हक्क सोडायची गरज नाही. जुन्या गटात तिचा जेवढा हिस्सा होता तेवढाच बदलून आलेल्या गटात राहतो, आणि हे तिला सही करण्याआधी स्पष्ट सांगा. दोन कामं एकात मिसळली की ती किंवा जावई सही थांबवतात, आणि दोन मित्रांच्या कामात भावा-बहिणीचं भांडण येऊन बसतं.

गट पूर्णच्या पूर्ण बदलत असतील तर मोजणीची गरज सहसा पडत नाही. तुमच्या पत्रावरून ते पूर्णच वाटतात. पण १९९४ मध्ये ‘नाल्यापर्यंतचं तुझं’ असं काही ठरलं असेल आणि नाल्याच्या पलीकडे त्याच गटाचा तुकडा उरत असेल, तर आधी भूमी अभिलेखकडे दोघांच्या सहीने एकत्र अर्ज द्या. अर्जावर दोन्ही सह्या असल्या की मोजणीचा गावात अर्थच बदलतो.

यानंतर तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) सलोख्याचा अर्ज. ते आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन ताब्याचा पंचनामा करतात. त्यावर शेजारच्या गटांतल्या किमान दोन खातेदारांच्या सह्या लागतात, म्हणून त्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. सोयाबीन काढणीत किंवा वेचणीत कोणी थांबत नाही. पंचनाम्यासह दस्त निबंधकाकडे, सोबत दोन साक्षीदार. दस्तानंतर फेरफार पडतो, नोटिशीचे १५ दिवस जातात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. त्यानंतरच नवा सातबारा. तो हातात आला की शेतकरी ओळख क्रमांकात गट बदलला का हे सेवा केंद्रात जाऊन बघा. दस्त झाला की सगळं आपोआप बदलतं असं धरून बसणारेच पुढच्या विम्याला अडकतात.

पाण्याचं मात्र वेगळं सांगावं लागेल. तुमचा अर्धा एकर पाण्यापोटी गेला. दस्त झाल्यावर तो अर्धा एकर कागदावर कायमचा त्यांचा होईल आणि पाणी तोंडीच राहील. म्हणजे व्यवहाराची एक बाजू पक्की आणि दुसरी हवेत. तेव्हा त्याच दस्तात पाण्याचं कलम घाला आणि विहीर ज्या गटात आहे त्याच्या इतर हक्कात तशी नोंद मागा. कलमात नुसतं ‘पाणी घेण्याचा हक्क’ लिहून भागत नाही. विहिरीचा गट नंबर लिहा. पाइप कोणत्या धुऱ्याने जातो आणि फुटला तर दुरुस्तीला त्या वावरात उभ्या पिकातून जाता येईल हे लिहा. पाळी तासांची ठेवू नका, वारांची ठेवा. शेतीपंपाची वीज आठवड्याला दिवस-रात्र बदलते आणि मधे जाते. ‘रोज चार तास’ ठरलं की गेलेले दोन तास कोणाचे यावर वाद होतो. सोमवार ते बुधवार तुमचे, बाकी त्यांचे, असं ठरलं की वीज गेली तर ज्याच्या वारी गेली त्याची गेली. फेब्रुवारीनंतर विहीर खाली जाते, तेव्हा आधी कोणाच्या पिकाला, तेही आत्ताच ठरवा. आमच्या मते विहीरवाल्याच्या जनावरांचं पिणं पहिलं आणि मग उरलेलं पाळीने. वीजबिल, मोटार जळली तर रिवाइंडिंगचा खर्च आणि गाळ काढायचा खर्च, या तिघांचं प्रमाण एकच ठेवा. पाळीचे वार तीन-चार असतील तर खर्चही तीन-चार. उद्या त्यांच्या मुलाने स्वतःची बोअर मारली तर विहिरीचं पाणी तुटू शकतं, याचीही आज आठवण करून ठेवा. त्यावर कागदात फार काही करता येणार नाही, पण दोघं बोललेले असलेले बरे.

बाकीचं लिहू नका. पोळ्याला कोणाची जोडी कोणाकडे गेली, लग्नात कोणी किती दिवस राबलं, दवाखान्यात रात्री कोण थांबलं, बियाण्याला दिलेले हातउसने कधी फिटले, यातलं काहीही त्या बैठकीत काढू नका आणि मुलांना काढू देऊ नका. मोठी रक्कम एकमेकांकडे राहिली असेल तर तेवढी आपापल्या घरी सांगून ठेवा, वहीत एक ओळ लिहा, पुरे. जमीन आणि पाणी वारसांकडे जाणार आहे म्हणून त्याचा कागद. बैलजोडीची उसनवारी तुमच्या दोघांतली आहे, ती तशीच राहू द्या.

मित्राने सरळ नाही म्हटलं किंवा त्यांच्या मुलाने ऐकलं नाही तर? धुरा नांगरू नका, ताब्यातल्या वावराची पेरणी सोडू नका, रागाने पाइप काढू नका. दोन्ही वावरांच्या पिकाची, धुऱ्याची आणि विहिरीची माहिती तारखेसह एका वहीत ठेवत चला. तंटामुक्ती समितीकडे लगेच धावू नका, तिथे गेलं की गोष्ट पाराची होते. तालुका विधी सेवा समितीकडे आधी एकट्याने जाऊन सल्ला घ्या, तो तालुक्याच्या न्यायालयातच मिळतो आणि गावात कोणाला कळत नाही.

आता वेळेचं. तूर निघाल्यापासून उन्हाळवाहीपर्यंतचे दिवस बोलण्याचे आणि पंचनाम्याचे, एप्रिल-मे दस्ताचा. तोवर फेरफार झाला नाही तर या खरिपातही दोन्ही गट जुन्याच नावांवर असतील. तेव्हा ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी (मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) सुरू झाली की दोघं एकत्र निघा. आधी तुमच्या ताब्यातल्या दोन एकरात त्यांच्या खात्यातून, मग त्यांच्या ताब्यातल्या अडीच एकरात तुमच्या खात्यातून. ॲप त्या गटात उभं राहूनच फोटो घेतं आणि चुकलं तर दुरुस्तीला ४८ तास देतं. उभं आहे तेच पीक नोंदवा. सोयाबीनच्या जागी कापूस पडला तर हमीभाव केंद्रावर पेरा जुळत नाही आणि पोतं परत घरी आणावं लागतं. मोबाईल मुलाचा असेल तर त्याला सोबत घ्या.